४२९४९६७२९५ : विभाजकांची बेरीज जुळत नाही आणि विभाजक मोजताना प्रोग्राम बंद पडतो

विषमसंख्या (प्रश्न)

४२९४९६७२९५ ही एकच संख्या घेऊन तिचे गुणधर्म हाताने आणि प्रोग्रामने असे दोन्ही बाजूंनी तपासतो आहे. मूळ अवयवांबद्दल शंका नाही: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. पण पुढे घोळ आहे. भाषा सी, सगळे चल ३२ बिटांचे अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारे).

१. सर्व विभाजकांची बेरीज सूत्राने काढली, म्हणजे प्रत्येक मूळ अवयवात १ मिळवून गुणाकार: ४ × ६ × १८ × २५८ × ६५५३८. उत्तर आलं ३००९६३६०३२. मग खात्रीसाठी १ पासून संख्येच्या निम्म्यापर्यंत एकेक आकडा तपासून, खुद्द संख्या सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली. ती आली ३००९६३६०३३. म्हणजे संख्या धरून केलेली बेरीज तिला वगळून केलेल्या बेरजेपेक्षा १ ने कमी! दोन्हीपैकी चूक कोणतं?

२. विभाजक किती आहेत हे मोजायला नेहमीचं चक्र लिहिलं (न म्हणजे ही संख्या): क = १ पासून, क × क <= न असेपर्यंत, भाग गेला की मोजणीत २ मिळवा. प्रोग्राम बराच वेळ गप्प बसतो आणि शून्याने भागल्याची चूक दाखवून बंद पडतो. क कुठेच शून्य ठेवलेला नाही.

३. संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती, म्हणजे ऑयलरचं फाय, ते −२१४७४८३६४८ छापलं जातं. मोजणीचं उत्तर ऋण कसं?

४. वर्गमूळ साध्या फ्लोटमध्ये काढलं तर बरोबर ६५५३६ येतं. ही पूर्ण वर्ग संख्या तर नक्कीच नाही.

शून्यावशेष

चारही चुकांचं मूळ एकच. तुमची संख्या २^३२ − १ आहे, म्हणजे ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी. तिच्यात १ मिळवला की ३२ बिटांत शून्य उरतं. त्यामुळे या चौकटीत ती −१ सारखी वागते. आता एकेक घेऊ.

बेरीज: दुसरं उत्तर बरोबर, पहिलं कापलं गेलेलं. खरा गुणाकार असा:
४ × ६ = २४
२४ × १८ = ४३२
४३२ × २५८ = १११४५६
१११४५६ × ६५५३८ = ७३०४६०३३२८

शेवटच्या पायरीला ६५५३८ ऐवजी ६५५३६ + २ घ्या, हाताने सोपं जातं: ७३०४३८०४१६ + २२२९१२. हे उत्तर २^३२ च्या पलीकडे गेल्यामुळे यंत्राने त्यातून ४२९४९६७२९६ वजा केले आणि ३००९६३६०३२ तुमच्या हातात ठेवले. खुद्द संख्या वगळायची तर ४२९४९६७२९५ वजा करायचे, एक कमी. म्हणूनच दोन उत्तरांत नेमका १ चा फरक. ही संख्या सोडून दुसरी कोणतीही संख्या असती तर फरक वेगळा आला असता आणि चूक इतकी फसवी दिसली नसती.

बेरजेचा चल ६४ बिटांचा करा. फक्त तेवढ्याने भागणार नाही. गुणाकारातला पहिला आकडाही ६४ बिटांचा हवा, नाहीतर गुणाकार ३२ बिटांत होऊन कापलेलं उत्तर मोठ्या डब्यात जाऊन बसतं.

चक्र: ही चूक मला जास्त आवडली. क = ६५५३५ असताना क × क = ४२९४८३६२२५, हे न पेक्षा कमी, ठीक. पुढे क = ६५५३६. त्याचा वर्ग बरोबर २^३२, तो ३२ बिटांत होतो ०. शून्य न पेक्षा लहान, चक्र चालू! आणि आता ते थांबूच शकत नाही, कारण न ही या चौकटीतली सर्वांत मोठी संख्या असल्यामुळे 'क × क <= न' ही अट कोणत्याही क साठी खरीच असते. क वाढत वाढत ४२९४९६७२९५ पर्यंत जातो, त्यात १ मिळवला की शून्य होतो, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही न ला शून्याने भागता. बंद पडण्याआधी मोजणी छापून बघितलीत तर ६४ दिसेल: ३२ विभाजक, प्रत्येकाचे दोन.

इलाज: अट 'क <= न / क' अशी लिहा. भागाकार कधी चौकटीबाहेर जात नाही. क = ६५५३५ ला न / क = ६५५३७, म्हणजे शेवटची जोडी शेवटच्या पायरीवर सापडते; क = ६५५३६ ला न / क = ६५५३५ आणि चक्र थांबतं. १६ जोड्या, ३२ विभाजक. पाच वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून २^५ = ३२; ताळा जुळतो.

वर्गमूळ: साध्या फ्लोटमध्ये २४ सार्थ बिट असतात. ३२ बिट सगळे १ असलेली संख्या त्यात मावत नाही, ती जवळच्या संख्येला म्हणजे ४२९४९६७२९६ ला जाऊन चिकटते, आणि तिचं वर्गमूळ खरोखरच ६५५३६ आहे. डबलमध्ये २^५३ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या अचूक बसतात, तिथे ६५५३५.९९९९९२३७ असं येईल. पण चारच दशांश स्थळं छापलीत तर पुन्हा ६५५३६.०००० दिसेल. पूर्ण वर्ग आहे का हे ठरवायला वर्गमूळ हवंच कशाला? ५ ने संपणारा प्रत्येक वर्ग २५ ने संपतो, ही संख्या ९५ ने संपते. झालं.

फाय बद्दल दुसरं कोणी लिहा, जेवढं दिसतं त्यापेक्षा त्यात जास्त आहे.

पायाबदल

फाय मी घेतो. न पासून सुरुवात करून प्रत्येक मूळ अवयवासाठी 'त्या अवयवाने भागून तेवढं वजा' असं करत जा:

४२९४९६७२९५
३ साठी: २८६३३११५३०
५ साठी: २२९०६४९२२४
१७ साठी: २१५५९०५१५२
२५७ साठी: २१४७५१६४१६
६५५३७ साठी: २१४७४८३६४८

शेवटचं उत्तर बरोबर २^३१. साइन्ड ३२ बिटांत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं, म्हणजे हे उत्तर मर्यादेच्या एकाने पुढे. म्हणून ऋण चिन्ह.

आता हे २^३१ योगायोगाने आलेलं नाही. पाचही मूळ अवयव 'दोनाची घात + १' या रूपातले आहेत: २+१, ४+१, १६+१, २५६+१, ६५५३६+१. प्रत्येकातून १ गेला की दोनाच्या घाती उरतात, घातांकांची बेरीज १ + २ + ४ + ८ + १६ = ३१. आणि खुद्द संख्या (२−१)(२+१)(४+१)(१६+१)(२५६+१)(६५५३६+१) अशी आहे. डावीकडून दोन दोन कंस गुणत या, दर वेळी वर्गांची वजाबाकी होऊन शेवटी २^३२ − १ राहतं. म्हणून २ × फाय(न) = न + १.

हे समीकरण पाळणाऱ्या संख्या फार विरळ. १, ३, १५, २५५, ६५५३५ या सगळ्या याच कुटुंबातल्या. त्यानंतर ४२९४९६७२९५ यायच्या आधी एक पाहुणी मध्येच येते: ८३६२३९३५ = ३ × ५ × १७ × ३५३ × ९२९. पडताळून बघा, २ × ४ × १६ × ३५२ × ९२८ = ४१८११९६८, दुप्पट केली की ८३६२३९३६. 'फाय हा न − १ ला निःशेष भागतो अशी संयुक्त संख्या आहे का' हा लेहमरचा १९३२ चा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्याकडे − च्या जागी + आहे, एवढ्यावरून हुकली.

अवयव तपासायची हाताची रीत. शाळेत ११ ची कसोटी शिकवतात: अंकांची एकाआड एक बेरीज-वजाबाकी शून्य आली तर ११ ने भाग जातो. ही कसोटी ११ ची नसून 'पाया + १' ची आहे, पाया कोणताही घ्या. आपली संख्या निरनिराळ्या पायांत लिहा:

पाया २ : बत्तीस वेळा १, म्हणून ३ ने भाग जातो
पाया ४ : सोळा वेळा ३, म्हणून ५ ने
पाया १६ : आठ वेळा १५, म्हणून १७ ने
पाया २५६ : चार वेळा २५५, म्हणून २५७ ने
पाया ६५५३६ : दोन वेळा ६५५३५, म्हणून ६५५३७ ने

प्रत्येक ठिकाणी अंक समसंख्येने आणि सारखे, त्यामुळे एकाआड एक केलं की शून्य. एकाच कसोटीत पाचही अवयव, भागाकार एकही नाही.

दशांश_बिंदू

याच्यापुढची पायरी म्हणजे सगळे ३२ विभाजक चढत्या क्रमाने, भागाकार न करता. १ पासून सुरू करा. पुढचा विभाजक = आधीचा एक्सॉर (आधीचा एक घर डावीकडे सरकवून). एक्सॉर म्हणजे दोन बिट वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०. द्विमान पद्धतीत:

१
११
१०१
११११
१०००१
११००११
१०१०१०१
११११११११

म्हणजे १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. पुढे २५७, ७७१, १२८५, ३८५५, ४३६९ असं करत बत्तिसावी ओळ ४२९४९६७२९५. हा पास्कलचा त्रिकोणच आहे, सम आकड्यांच्या जागी ० आणि विषमांच्या जागी १. ओळींना ० पासून क्रमांक दिले तर ओळीच्या क्रमांकाचे बिट सांगतात कोणते अवयव गुणायचे. क्रमांक ६ म्हणजे ११०, उजवीकडून दुसरा आणि तिसरा बिट चालू, म्हणून ५ × १७ = ८५.

गंमत पुढे आहे. बत्तिसाव्या ओळीनंतर हीच क्रिया आणखी एकदा केली तर खरं उत्तर २^३२ + १ यायला हवं, पण ३२ बिटांत वरचा बिट गळून १ उरतो. म्हणजे 'पुन्हा १ आला की थांब' एवढीच अट पुरे. इथे तीच कापाकापी उपयोगी पडली!

संख्येला एकेका मूळ अवयवाने भागून बघा:
३ ने: १४३१६५५७६५ (०१०१ ची पुनरावृत्ती)
५ ने: ८५८९९३४५९ (००११ ची)
१७ ने: २५२६४५१३५ (००००११११ ची)
२५७ ने: १६७११९३५ (आठ शून्यं, आठ एक)
६५५३७ ने: ६५५३५ (सोळा शून्यं, सोळा एक)
एखाद्या संख्येत १ असलेले बिट किती हे मोजण्याच्या प्रसिद्ध युक्तीत जे पाच मुखवटे (हवे ते बिट निवडणाऱ्या संख्या) वापरतात ते हेच. तिथे ते पाठ करायला सांगतात. न भागिले ३, न भागिले ५ असं लक्षात ठेवलं की पाठ करायला नको.

भूमितीतही हेच ३२ विभाजक येतात. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने कोणती सुसम बहुभुजाकृती काढता येते? भुजांची संख्या दोनाची घात गुणिले वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्या (वरच्या 'दोनाची घात + १' या रूपातल्या मूळ संख्या) अशी असेल तरच. गाउसने १७ भुजांची १७९६ मध्ये सोडवली, अट अपरिहार्य आहे हे वांत्झेलने १८३७ मध्ये दाखवलं. विषम भुजांच्या अशा आकृत्या ३१, म्हणजे १ वगळून आपल्या संख्येचे सगळे विभाजक. सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ भुजांची.

शून्यावशेष

'सर्वांत मोठी' च्या आधी 'आज माहीत असलेल्यांत' हे शब्द घाला. सहावी फर्मा मूळ संख्या नाही हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

दशांश_बिंदू

मान्य, सुधारणा बरोबर आहे. ठाऊक असलेल्या पाचच: ३, ५, १७, २५७, ६५५३७.

आणखी एक. १ / ४२९४९६७२९५ चा दशांश विस्तार ०.०००००००००२३२८३०६४३७०८… असा सुरू होतो. आवर्त किती लांब? ५ हा अवयव १० ला भागतो, म्हणून सुरुवातीचा एक अंक आवर्ताबाहेर. उरलेल्यांपैकी ३ चं आवर्त १ अंकी. १७, २५७, ६५५३७ या तिन्हींना ५ ने भागल्यावर बाकी २ उरते आणि ५ च्या पटीत (म्हणजे ५ ने भागून फक्त बाकी पाहिली तर) २ हा वर्ग नाही. म्हणून ५ हाही त्यांच्या पटीत वर्ग नाही. २ मात्र तिथे वर्ग आहे, कारण तिन्ही संख्या ८ ने भागल्यावर बाकी १ देतात. तेव्हा १० वर्ग नाही. फर्मा मूळ संख्येत जो वर्ग नाही तो पूर्ण लांबीचं आवर्त देतो, म्हणून १६, २५६ आणि ६५५३६. लसावि ६५५३६. एक अंक सोडून पुढे ६५५३६ अंकांचं आवर्त. द्विमान पद्धतीत तेच आवर्त फक्त ३२ अंकांचं: एकतीस शून्यं आणि एक १.

एक_कमी

शेजारी राहिले. न − १ = २ × २१४७४८३६४७, आणि तो दुसरा अवयव मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. न + १ दोनाची घात. न + २ = ४२९४९६७२९७ ही फर्माने मूळ मानलेली संख्या; ऑयलरने १७३२ मध्ये तिचे ६४१ × ६७००४१७ असे अवयव पाडले. ६४१ का, हे दोन ओळींत दिसतं: ६४१ = ५ × २^७ + १, तसंच ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ६४१ च्या पटीत ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ म्हणजे १. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

मूळ संख्या ओळखणारी फर्मा कसोटी लिहिणाऱ्यांसाठी या दोन शेजाऱ्यांचा धडा वेगवेगळा आहे. न साठी पाया २ घेतला तर २^(न−१) ची बाकी २^३० = १०७३७४१८२४ येते, मूळ संख्येला यायला हवी तशी १ नाही, संयुक्त असल्याचं लगेच कळतं. न + २ साठी मात्र तीच कसोटी बाकी १ देते. २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे कडक (मिलर-राबिन) कसोटीही पाया २ वर फसते. नुसता २ घेऊन समाधान मानू नका.

या कसोटीत न च्या पटीत गुणाकार करायचे असतात. ६४ बिटांचा गुणाकार आला की भागाकाराची गरज नाही: वरचे ३२ बिट आणि खालचे ३२ बिट यांची बेरीज करा, कारण २^३२ ची न ने बाकी १ आहे. नऊने भागल्यावरची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो, तेच हे. उदाहरण: ६५५३७ × ६५५३७ = ४२९५०९८३६९, वरचा भाग १, खालचा १३१०७३, बाकी १३१०७४. दोन ठिकाणी चुकतं. बेरीज ३३ बिटांची होऊ शकते, म्हणून ती ६४ बिटांतच करा आणि वरचे-खालचे बिट पुन्हा एकदा मिळवा. आणि शेवटी उत्तर खुद्द ४२९४९६७२९५ आलं तर ते ० आहे, ही तुलना विसरली की शून्याची दोन रूपं फिरत राहतात आणि समान बाक्या असमान ठरतात.

किरकोळ: ८ ने भागल्यावर बाकी ७, म्हणून ही संख्या तीन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही, चार लागतातच. त्रिकोणी संख्याही नाही. त्यासाठी ८न + १ = २^३५ − ७ हा पूर्ण वर्ग लागला असता; २ ची घात वजा ७ हा वर्ग फक्त घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ असतानाच येतो. हे रामानुजन यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं. १५ वरून येणारी त्रिकोणी संख्या ४०९५.

विषमसंख्या

अट 'क <= न / क' केली, ३२ आलं. बेरीज ६४ बिटांत ७३०४६०३३२८ आली. एक्सॉरचं चक्रही बत्तीस पायऱ्यांत १ वर परतलं. फाय मात्र अजून −२१४७४८३६४८ च. चल अनसाइन्ड आहे आणि २१४७४८३६४८ तर त्यात मावतं ना?

पायाबदल

मावतं, आणि चलात ते बरोबरच आहे. छापताना टक्के-डी लिहिलं असणार, तो साइन्ड म्हणून वाचतो. टक्के-यू करा. त्याच वेळी बघा, न स्वतः कुठे साइन्ड चलात तर जात नाही ना. तिथे तो −१ होतो, −१ ला ३ ने भागलं की सी मध्ये बाकी −१, आणि मग ३, ५, १७ यांपैकी एकही अवयव सापडत नाही.

विषमसंख्या

टक्के-डीच होतं. आता २१४७४८३६४८.